खडूची फुली

शिरोलीच्या फाउंड्रीतून आले अकरा हजार फोटो,
एका पेन ड्राइव्हमध्ये, वर्तमानपत्रात गुंडाळून,
काळी वाळू लागू नये म्हणून.
प्रत्येक फोटोत एक बेअरिंग हाउसिंग,
प्रत्येकापुढे एक शब्द:
ओके. नाहीतर रिजेक्ट.

शब्द कुणी लावला ते फोटोत दिसत नाही.
पहिल्या पाळीत आण्णासो मगदूम, चष्मा पुसत पुसत.
शंका आली की रिजेक्ट, आणि शंका त्यांना रोज येते.
दुसऱ्या पाळीत एक नवा पोरगा,
जेवणाचा डबा उघडायच्या आत चाळीस ओके.
महिनाअखेरीला तर सगळंच ओके.
ट्रक गेटवर उभा असला
की लोखंडाला भेग पडायची परवानगी नसते.

यातून यंत्राला शिकवायचं काम माझं,
राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर,
खाली वेल्डिंगचं दुकान, म्हणून पडदा कायम ओढलेला.

पहिल्या आठवड्यात यंत्र फार हुशार निघालं.
शंभरात सत्त्याण्णव.
मग एका रात्री उलगडून बघितलं, तर
भेगेकडे त्याचं लक्षच नव्हतं.
मगदूम रिजेक्ट मालावर आधी खडूनं फुली मारतात
आणि मग फोटो काढतात.
एका धडधाकट हाउसिंगवर मी माउसनं
पांढरी फुली ओढली.
रिजेक्ट, यंत्र म्हणालं. ठाम.
असं ठाम बोलणारी माणसं आमच्या गल्लीत पुष्कळ आहेत.

फुल्या पुसल्या. पुन्हा पहिल्यापासून.
यंत्र आधी खरं शिकतं,
कारण खरं जागोजाग सारखं सापडतं.
चुका मात्र एकेक करून पाठ कराव्या लागतात,
त्याला रात्री जास्त लागतात.
म्हणून घोकंपट्टी सुरू व्हायच्या आत थांबवायचं,
आणि जो शब्द त्याला तोवर पटला नाही
तो खोटा धरून काढून टाकायचा.

असे निघाले सहाशे बारा.
त्यातले साडेचारशे एकट्या तिसऱ्या पाळीचे.
दस्तगीर शिकलगार.
फोटोत गुळगुळीत, निर्मळ ओतकाम,
पुढे त्याचा शब्द: रिजेक्ट.
झोपेत लावलेत, मनात म्हटलं.
डिलीटवर बोट ठेवलं,
उचललं,
आणि गाडी काढून शिरोलीला गेलो.

रात्रीचे दोन. तो फोटोकडे बघतही नव्हता.
हातात छोटी हातोडी.
ठण. ठण. ठण.
ठप्प.
"रिजेक्ट."
"भेग कुठाय?"
"आत हाय. कान लावा की.
फोटो तुमच्या सायबाला पायजे म्हणून काढतोय आमी."

सकाळी पुण्याच्या साहेबांना फोन:
रात्री मी फाउंड्रीत गेलो होतो.
ते हसले. "गेले होते, मॅडम."
आमच्याकडं बायका असंच बोलतात,
आई, आत्या, शेजारची शोभाकाकू:
आलो, जेवलो, दमलो बाई.
लांबून कुणी यादी केली
तर आमच्या अख्ख्या घरापुढे 'चूक' लागेल.
इथवर वाचताना तुम्हीही
मनातल्या मनात मला एक शब्द लावलाच असेल.

साडेचारशे परत आत घेतले.
सगळेच खरे आहेत असं नाही.
निघताना तोच म्हणाला होता, हातोडी पुसत,
"पाच वाजल्यावर नका धरू माझं.
पाचला सगळं लोखंड एकसारखं वाजतंय."

म्हणून आता एक नवा रकाना केलाय:
कुणी, किती वाजता.
आणि टपऱ्यांच्या गल्लीतून एक माइक आणलाय, साडेतीनशेचा,
हातोडीजवळ बांधायला.

पाचनंतरच्या फोटोंपुढे
अजून काहीच लिहिलेलं नाही.